मुंबई–टोकियो विमानप्रवास : वेळ किती, मार्ग कोणता?

गवतीचहा :
बहीण टोकियोत निशिकासाईला राहते. एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन जायचंय, दोघंही सत्तरीचे. हवाई अंतर ६,७०० किमीच्या आसपास दिसतं, म्हणजे आठेक तास. पण आमच्या तारखांना थेट विमान नाही आणि बाकी तिकिटांवर १३ पासून २० तासांपर्यंत काहीही लिहिलंय. येतानाचा वेळ तर आणखीच जास्त, तो का? दिल्ली, हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर, कुठून नेऊ?

खिडकीजवळ :
दिल्ली. दिल्लीमार्गे गेलात तर एकूण ७,००० किमी, म्हणजे वळसा जेमतेम ३०० चा. हाँगकाँगमार्गे ७,२००, बँकॉकमार्गे ७,६०० आणि सिंगापूरमार्गे ९,२००! विमानतळ कितीही देखणा असो, म्हाताऱ्या माणसांना विषुववृत्तापर्यंत खाली नेऊन परत वर कशाला आणायचं?

येताना उशीर होतो तो वाऱ्यामुळे. साधारण दहा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. दिल्ली–टोकियो जाताना साडेसात तास, येताना साडेनऊच्या आसपास. हिवाळ्यात फरक जास्त जाणवतो. शिवाय नकाशावरची सरळ रेघ तिबेटवरून जाते आणि तिथून विमानं सहसा नेत नाहीत. केबिनमधला दाब गेला तर १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, तिथे जमीनच त्याहून उंच! म्हणून म्यानमार, चीनवरून जातात. तुमचे ६,७०० कागदावरच राहतात.

पाऊसवेडी :
दिल्ली ठीक, पण मुंबई–टोकियो एकाच तिकिटावर असेल तरच. स्वस्त पडतं म्हणून मुंबई–दिल्ली वेगळं काढलंत आणि ते विमान रखडलं, तर पुढचं तिकीट बुडालं, कुणी विचारत नाही. बॅगाही दिल्लीत उतरवून पुन्हा द्यायच्या. एक तिकीट जमत नसेल तर मी हाँगकाँग घेईन. मध्ये तीन तास ठेवा आणि व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा, दोघांसाठी.

अजून एक. तिकिटावर स्थानिक वेळ असते आणि जपान साडेतीन तास पुढे. दिल्लीहून रात्री ८ ला निघून सकाळी ७ ला पोचणार असं दिसलं, तर ते ११ तास नव्हेत, साडेसातच.

गवतीचहा :
हे ११ तास बघूनच बाबा ‘नको’ म्हणत होते :) एका तिकिटावर दिल्ली मिळतंय. टोकियोचा कोणता विमानतळ घेऊ, हानेडा की नारिता?

खिडकीजवळ :
थोडं महाग पडलं तरी हानेडा. ते टोकियोतच आहे, नारिता शहरापासून ६० किमी लांब. परतीचं विमान दिवसाचं मिळालं तर बाबांना उजवीकडची खिडकी द्या, हिमालय त्या बाजूला.

पाऊसवेडी :
आणि परत कधी येताय? २९ एप्रिल ते ५ मे तिकडे गोल्डन वीकच्या सुट्ट्या असतात. त्याआधीच निघा, नाहीतर तिकिटं चढतात आणि विमानतळांवर तोबा गर्दी.