अनुभव धागा: अंगात कसर असतानाची खुडबुड

पावसाळा ओसरू लागला की पुण्यात घरोघरी कुणी ना कुणी तापाने पडलेलं असतं. ताप उतरतो, पण माणूस लगेच उभा राहत नाही. ऑफिस झेपत नाही, ओट्यापाशी फार वेळ थांबवत नाही, वाचायला घेतलं तर डोळे दुखतात आणि नुसतं पडून राहिलं तर जीव कासावीस होतो. अशा दिवसांत आपण घरात, गॅलरीत, अंगणात जी बारीकसारीक खुडबुड करतो, तिचे अनुभव इथे लिहा.

मला या खुडबुडीचं फार मोल वाटतं. आजारपणात दिवस आपल्या ताब्यात राहत नाही. औषधांच्या वेळा, पथ्याचं जेवण, कुणी आणून दिलेलं पाणी, सगळं दुसऱ्यांच्या हातात जातं. तेव्हा एका कुंडीतलं तण उपटलं तरी तेवढं काम आपलं असतं. कुठली कामं झेपली, कशी बसून केली, शरीराने कुठे ‘पुरे’ म्हटलं, सगळं लिहा. दुखणं कुठलं होतं तेही सांगा, कारण एकाला मानवतं ते दुसऱ्याला घातक ठरू शकतं.

सुरुवात मीच करते. वर नावाऐवजी आपण राहतो तो पुण्यातला भाग लिहू या.

सहकारनगर

मला चिकुनगुनिया झाला होता. ताप लवकर गेला, सांधे मात्र कित्येक आठवडे धरलेले राहिले. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नसत. सिकेटर दाबणं तर अशक्यच. त्यामुळे कात्री न लागणारी कामं मी शोधून काढली. तुळशीच्या मंजिऱ्या नखाने खुडता येतात, आणि खुडल्या की तुळस उंच न जाता भरते. गोकर्णीच्या वाळलेल्या शेंगा हातात चुरगळल्या की बिया मोकळ्या होतात. झेंडूची सुकलेली फुलं तर नुसती ओढली तरी येतात.

वेळ महत्त्वाची. आखडलेपणा सकाळी सर्वात जास्त, म्हणून अकराच्या आधी मी कशालाच हात लावत नसे. आधी कोमट पाण्यात पंजे बुडवून बसायचं, मग गॅलरीत. डॉक्टरांनीही बोटं हलती ठेवायला सांगितलं होतं, आणि मंजिऱ्या खुडण्याइतका सोसवणारा व्यायाम मला दुसरा सापडला नाही. दुपारी सांधे सुजले, तर दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती.

कोथरूड

आमच्याकडे आधी मुलाला डेंगी झाला, मग मला. त्यामुळे माझी आजारातली खुडबुड एकाच दिशेची आहे, आणि ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं.

कुंड्यांखालच्या ताटल्या. डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका तिन्ही पसरवणारा एडिस डास घराच्या आसपास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. पुन्हा पाणी आलं की फुटतात. त्यामुळे ताटली घासावी लागते, कडेने, ब्रशने.

हे काम अशक्तपणातही जमतं. मी मोरीत पाटावर बसून एका वेळी दोन-तीन ताटल्या घासत असे. मग फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं. 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले, तेव्हापासून आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या कुंड्याही दर रविवारी तपासतात.

एक मात्र कळकळीने सांगते. डेंगीत ताप उतरला म्हणजे बरं वाटलं असं समजून लगेच कामाला लागू नका. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच सर्वात जपायचे असतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार ग्लानी, यातलं काही दिसलं तर तडक दवाखाना. तेव्हा ताटल्या बाकीच्यांनी घासायच्या.

सदाशिव पेठ

आमचं घर जुन्या वाड्यात, बाग म्हणावी अशी जागा नाही. खिडकीत एक तुळस आणि एक कोरफड, एवढंच. लिहिते आहे ती सासूबाईंबद्दल.

गेल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. वय ऐंशीच्या पुढे. दवाखान्यातून घरी आल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं की सतत आडवं ठेवू नका, दिवसातून अनेकदा उठवून बसवा. उताणं पडून राहिलं की कफ साठतो, आणि या वयात पायांतली ताकद बघता बघता जाते. पण बसवायचं तरी कशाच्या निमित्ताने? टीव्ही त्यांना आवडत नाही. ‘बसा’ म्हटलं की पाच मिनिटांत ‘आता पडते गं’.

मग मी कापूस आणला. सरकी काढलेला नाही, सरकीसकट. त्या आयुष्यभर वाती वळत आल्या आहेत. पहिल्या दिवशी नुसती सरकी वेगळी केली. मग कापूस पिंजून त्याची पेळू करायची, दुधाचं बोट लावून मांडीवर वळायची. समईच्या लांब वाती आधी जमल्या नाहीत, हात थरथरत होते. म्हणून फुलवाती. फुलवातीला कापसाचा एवढासा पुंजका आणि वर शेंडीला एक पीळ, बास. हळूहळू त्यांचं बसणं वाढलं. तक्क्याला टेकून सुरू केलेलं काम पुढे खुर्चीत आलं, आणि एक दिवस ‘खिडकीपाशी उजेड बरा आहे’ म्हणून त्या स्वतः काठी घेऊन तिथवर चालत गेल्या. डॉक्टरांना हेच हवं होतं.

वाती झाल्या की मोजायच्या, दोऱ्याने जुड्या बांधायच्या, डब्यात भरायच्या. शेजारच्या मुली येऊन शिकून गेल्या. मुलींना शिकवताना सासूबाईंचा आवाज पहिल्यांदा पूर्वीसारखा खणखणीत लागला. पुढे त्यांनी फडताळातला बटणांचा डबा मागितला आणि नातवाच्या सदऱ्यांची बटणं लावून दिली. सुईत दोरा तेवढा मी ओवून द्यायचे.

बिबवेवाडी

मला चक्करचा त्रास. आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागेवरून सरकून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले, की डोकं वाकवताच खोली गरगरते. डॉक्टरांनी डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे जागेवर आणले, पण नंतरही बरेच दिवस खाली वाकायची भीती होती. बागकाम म्हणजे तर सगळं वाकणंच.

तेव्हा बाग वर उचलली. मुलाने गॅलरीत कमरेइतक्या उंचीवर फळी ठोकून दिली, रोजच्या हाताळणीतल्या कुंड्या त्यावर ठेवल्या. पाठीची खुर्ची, समोर फळी, मान सरळ. पसरट ट्रेमध्ये मेथी पेरली. मेथ्या रात्रभर भिजवून पेरल्या तर तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि साधारण तीन आठवड्यांत भाजीजोगी होते. आजारी माणसाला असं पटकन उगवणारं काहीतरी समोर हवं.

त्याच खुर्चीत बसून खुरपी, सिकेटर, कोयता असं सगळं काढलं. गंज काचकागदाने घासला, मशीनचं तेल लावलं. बरं असताना या कामाला कधी वेळ मिळत नाही.

औंध

माझी केमोथेरपी सुरू असतानाचं लिहिते. वरचे अनुभव वाचून वाटलं, हे लिहिलंच पाहिजे.

माती माझा जीव. आणि पहिली सूचना हीच मिळाली की मातीत हात घालायचा नाही. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली जातात, आणि माती, शेणखत, कंपोस्ट यांतल्या बुरशीचे कण एरवी काही करत नाहीत, ते तेव्हा फुप्फुसात जाऊन गंभीर संसर्ग करू शकतात. फुलदाणीतलं शिळं पाणीसुद्धा नको म्हणाले. मला त्या दिवशी निदानापेक्षा या सूचनेने जास्त रडू आलं.

मग मातीविना काय उरतं ते शोधलं. बियांची पाकिटं. नवऱ्याने बिया निवडून पुसून दिल्या की मी कागदी पाकिटं करायची, वर नाव, महिना, कुठल्या झाडाच्या ते लिहायचं. गॅलरीत खुर्ची टाकून मी सांगायची आणि तो करायचा. तीस वर्षांच्या संसारात त्याने झारीला हात लावला नव्हता. आता तो मला सांगतो, अनंताला आज पाणी नको.

आणि बघणं. याला काम म्हणावं का माहीत नाही, पण मी ते कामासारखं मन लावून केलं, वहीत नोंद ठेवून. उन्हाळा लागताना तांबट दिवसभर टुक टुक करतो, त्याच्या आवाजाची वेळ लिहायची. लिंबाच्या कुंडीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आली, ती पुढे हिरवी झाली. घरच्यांना फवारा मारू दिला नाही. आपल्या राज्याचं फुलपाखरू निलवंत, तेही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतं, हे मला त्या वहीमुळे कळलं.

कपड्यांच्या दोरीला शिंजीरच्या मादीने घरटं टांगलं. कोळ्याची जाळी, सुकी पानं, सालीचे तुकडे, सगळं चोचीने आणून ती एकटी विणत होती. आम्ही कपडे आत वाळत घालायला लागलो. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे जातात. माझी केमोची एक फेरी आणि त्यापुढचे वाईट दिवस त्यात गेले. उलट्या होऊन पडलेली असले तरी सकाळी एवढं विचारायची, आहे का ती आत. नवरा काचेतून बघून सांगायचा.

पेशी वर आल्यावर डॉक्टरांना विचारूनच हातमोजे आणि मास्क लावून पहिली कुंडी भरली. कृपया विचारूनच करा. प्रत्येकाचं वेगळं असतं.

विश्रांतवाडी

एप्रिल 2021. कोविडमुळे एका खोलीत, सोबत चिंचोळी गॅलरी. वास पूर्ण गेला होता. गॅलरीत गवती चहा आणि ओव्याच्या पानांची कुंडी. रोज सकाळ-संध्याकाळ एक पान चुरगळून, तो वास कसा असतो ते आठवत, हुंगत बसायचो. पुढे कळलं की वास परत यावा म्हणून असाच सराव करायला सांगतात, ठरावीक चार वास घेऊन. मला आधी ओवा आला, गवती चहा बऱ्याच उशिरा.

कॅम्प

मी निवृत्त परिचारिका. सगळ्यांचं वाचून आनंद वाटला, पण काही गोष्टी सांगते, बाळांनो.

अंगात ताप असताना, धाप लागत असताना, छातीत दुखत असताना खुडबुड नाही. झोपायचं. मधुमेह असेल तर बागेत अनवाणी जायचं नाही. पायाला टोचलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, शेवटचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्या. माती किंवा खताची पिशवी फोडताना तोंड लांब ठेवा आणि आधी थोडं पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर सांगेपर्यंत माती आणि वाकणं दोन्ही बंद. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर गुलाबाची छाटणी दुसऱ्याला द्या.

आणि काम सुरू करताना घरात कुणाला तरी सांगून ठेवा, मी गच्चीवर जाते आहे म्हणून.

हडपसर

कंबर धरलेली. उचलणं बंद, त्यामुळे भरलेल्या कुंड्या जिथल्या तिथे. हलकी वस्तू एकच, सुकी पानं. सोसायटीतली गोळा केलेली पानं पोत्यातून मिळाली, ती मुठीमुठीने प्रत्येक कुंडीत मातीवर पसरली. ओल टिकते, पाणी कमी लागतं. पानं जाळू नयेत म्हणून पुण्यात ‘ब्राऊन लीफ’चे लोक पानं हवी असलेल्यांची आणि नको असलेल्यांची गाठ घालून देतात. ज्यांच्याकडे झाड नाही, त्यांना याचा उपयोग होईल.

कर्वेनगर

उठवतच नसेल तेव्हा झाडांचं काय, यावर माझा उपाय. पाण्याची बादली स्टुलावर, म्हणजे कुंड्यांपेक्षा उंच ठेवायची. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या ओल्या करून एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत दोन बोटं खोल. पाणी पट्टीतून आपोआप उतरत राहतं. टायफॉईडमध्ये माझा मोगरा आणि कढीपत्ता यावरच तरला. एखाद्या गुरुवारी नळाचं पाणी बंद असलं तरी अडत नाही.

कोथरूड

ताई, बादलीवर कापड घट्ट बांधता ना? पट्ट्यांपुरतीच फट हवी. नाहीतर तिथेच डास होतील.

कर्वेनगर

हो, जुनं धोतर दुहेरी करून सुतळीने बांधते, आणि दर आठवड्याला बादली रिकामी करून घासते. आमच्या भागात कुणी आजारी असेल आणि हेही करणं होत नसेल, तर इथेच लिहा. संध्याकाळी मी आणि माझी भाची येऊन झाडांना पाणी घालून जाऊ.