ट्वायलाइटबद्दलचं मत आपलं किती, गर्दीचं किती?

सांजवेळ
२००९ साली मी अकरावीत होते. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या बॅगेत काळं मुखपृष्ठ आणि ओंजळीत लाल सफरचंद असलेलं 'ट्वायलाइट' असायचं, स्टेफनी मेयर यांच्या चार भागांच्या प्रेमकथेचा पहिला भाग: शाळकरी बेला आणि तिच्या वर्गातला व्हँपायर (रक्तपिपासू) एडवर्ड. बहुतेक प्रती फूटपाथवरच्या, पानं निसटणाऱ्या. मी एकही पान न वाचता ते भिकार आहे असं ठरवून टाकलं होतं. त्याच वर्षी भयकथा लिहिणारे स्टीफन किंग एका मुलाखतीत म्हणाले होते की स्टेफनी मेयर यांना धड लिहिता येत नाही. ते वाक्य मी कितीतरी जणींना ऐकवलं, जणू माझंच मत असल्यासारखं.

गेल्या महिन्यात पहिला भाग शांतपणे वाचला. अमेरिकेतल्या फोर्क्स गावातला तो न थांबणारा पाऊस, बायॉलॉजीच्या तासाला बेलाशेजारी अंग आखडून बसलेला एडवर्ड, हे मला मनापासून आवडलं. संवाद पुष्कळ ठिकाणी बाळबोध आहेत, तेही खरं. पण सोळाव्या वर्षी मी पुस्तकावर नव्हे, त्याच्याभोवतीच्या गर्दीवर रागावले होते, हे आता कळतंय. तुमचं काय?

अर्धविराम
गर्दी बाजूला ठेवली तरी दोष उरतातच. एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो. तिसऱ्या भागात तिने तिच्यावर प्रेम करणाऱ्या मित्राला, जेकबला, भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकचं इंजिन निकामी करून ठेवतो. कादंबरी याला काळजी म्हणते. मी २००७ मध्ये, सिनेमा यायच्या आधी, कसलाही गाजावाजा कानावर नसताना वाचलं होतं आणि तेव्हाही खटकलंच होतं. सगळं खापर हाइपवर फोडलं की पुस्तक अलगद सुटतं.

भिंगरी
अर्धविराम, तुमचा आक्षेप रास्त आहे, कारण तुम्ही वाचून बोलताय. पण तेव्हा चाललेली टिंगल या मुद्द्यांवर नव्हती. ती वाचणाऱ्या मुलींची होती. आमच्या घरी भाऊ मॅचसाठी गालावर तिरंगा रंगवायचा, हरल्यावर जेवायचा नाही, आणि सगळे कौतुकाने बघायचे. मी एडवर्डचं पोस्टर लावलं तर पाहुण्यांसमोर हसू. मला ते अजून लागतं.

किंग यांचं म्हणाल तर त्याच मुलाखतीत त्यांनी असंही म्हटलंय की मेयर एका अख्ख्या पिढीतल्या मुलींसाठी लिहितायत आणि प्रेम व शरीरसंबंध यांना सुरक्षितपणे एकत्र आणतायत. हा अर्धा भाग कुणी पुढे पाठवला नाही. नावं ठेवणाऱ्यांचंही एक फॅनडम (चाहत्यांचा गट) असतं.

अर्धविराम
टिंगल चुकीची होती, मान्य. पण मग उलटी लाट आली. आता या मालिकेवर टीका केली की लगेच "तुम्हाला मुलींची आवड खुपते" असं ऐकावं लागतं. माझी भाची चौदा वर्षांची आहे. तिच्याशी ट्रकच्या प्रसंगाबद्दल बोलायचं असेल तर मी कोणत्या गटात ते आधी सांगू का?

कोरा_कागद
मी आतल्या गोटातली. ऑगस्ट २००८ मध्ये न्यू जर्सीत होते, चौथ्या भागासाठी मध्यरात्री पुस्तकाच्या दुकानाबाहेर रांगेत. पहिल्या चोवीस तासांत अमेरिकेत तेरा लाख प्रती खपल्या, त्यातली एक माझी. 'टीम एडवर्ड' आणि 'टीम जेकब'चे टी-शर्ट घालून मुली एकमेकींशी भांडत होत्या. खरं तर बेला कुणाला निवडणार याबद्दल पुस्तकात फारसा संशय कधी नव्हताच. ते भांडण आम्ही बाहेरून आणलं आणि मग पुस्तकही तसंच वाचायला लागलो.

दोन दिवसांत वाचून संपवलं आणि मी हिरमुसले. सगळी तयारी लढाईची, आणि शेवटी बोलणी होऊन सगळे घरी. माझ्या मैत्रिणींना मात्र "फार आवडलं" असंच सांगितलं, महिनाभर. दुसऱ्या कित्येक चाहत्या तेवढ्यात उघडपणे चिडल्या होत्या, पुस्तक दुकानात परत करा म्हणून एकमेकींना सांगत होत्या. सर्वांत कडक टीका मी त्यांचीच वाचली, कारण त्यांना प्रत्येक प्रकरण पाठ होतं. म्हणून चाहता म्हणजे आंधळा, हे मला पटत नाही. आंधळी नव्हते मी, भित्री होते. त्या मैत्रिणींत एकटी पडायचं नव्हतं.

भिंगरी
कोरा_कागद, मला तो शेवट आवडला होता. अजूनही आवडतो. लढाई टळली म्हणूनच आवडतो. बेला तोवर प्रत्येक वेळी वाचवली जाते, तिथे ती स्वतः सगळ्यांवर ढाल धरते.

अर्धविराम
ढालीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मी तिसऱ्या भागानंतर सोडून दिलं होतं.

सांजवेळ
भिंगरी, तो अर्धा भाग मला माहीतच नव्हता. इतकी वर्षं मी अर्धंच वाक्य मिरवत होते. दुसरा भाग आज लायब्ररीतून आणलाय. चौथ्याबद्दल इथे आता काही लिहू नका, प्लीज. मी तिथवर पोचले की स्वतःच येऊन सांगते.