अनुदान कशावर मोजायचे?
अनुदान पुरेसे असले की जहाजमालक आपोआप स्वच्छ इंधनाकडे वळतात, हे नेहमी मांडले जाणारे मत मला अर्धेच पटते, कारण ते अनुदान नेमके काय मोजून दिले जाते हा प्रश्न त्यात सुटून गेला आहे. नॉर्वेने २००७ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडांच्या उत्सर्जनावर कर लावला आणि पुढच्याच वर्षापासून कराऐवजी उद्योगांच्या सामाईक निधीत कमी दराने रक्कम भरण्याची मुभा दिली. त्या निधीच्या साहाय्याने अनेक जहाजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर गेली. ज्याचे मोजमाप होते ते प्रदूषण घटले खरे, पण या वायूचा मुख्य घटक असलेला आणि इंजिनातून न जळता निसटणारा, हवामान तापवणारा मिथेन त्या हिशेबात नव्हताच.

विजेवरची मोटारवाहू फेरीबोट मात्र सरकारी मागणीतून आली. नॉर्वेतल्याच सोग्नेफ्योर्ड या लांब खाडीवरील लाविक ते ओप्पेदाल या मार्गासाठी तेथील रस्ते प्रशासनाने स्पर्धा घेतली आणि २०१५ मध्ये १२० मोटारी नेणारी ‘अँपिअर’ सुरू झाली. तिथली वीजवाहिनी इतकी अशक्त होती की बोट चार्ज करण्यासाठी दोन्ही धक्क्यांवर वेगळ्या बॅटऱ्या बसवाव्या लागल्या, आणि जहाजांच्या अनुदानाविषयी बोलताना धक्क्यावरचा हा खर्च आपण सहसा धरतच नाही.