अनुभव धागा : मागावरचं, रिंगेतलं, सुईत अडकलेलं

आपल्या नागपूरच्या वस्त्रकला गटाचं काम लोक बघतात ते प्रदर्शनात, इस्त्री होऊन भिंतीवर लागलं की. मला त्याच्या आधीचं काम जास्त आवडतं. रंग ठरलेला नसतो, काठ जोडायचा असतो, उसवावं की राहू द्यावं याचा विचार चालू असतो. कारागीर कसा विचार करतो हे तेव्हाच कळतं. म्हणून सगळ्यांना आमंत्रण आहे : सध्या हातात काय आहे, कुठवर आलंय आणि पुढचा कोणता निर्णय अडलाय ते लिहा. कापडाची उलटी बाजूही सांगा, लपवू नका. दोरा कुठून उचलला, गाठ कुठं मारली, हे सुलट बाजूला कधीच दिसत नाही. पोळा तोंडावर आलाय, बऱ्याच जणांच्या हातात काहीतरी असणार.

धरमपेठेतून, नैसर्गिक रंगकाम

माझ्याकडे भंडाऱ्याचा कोसा, म्हणजे टसर रेशीम आहे, अजून बिनरंगी. कोशाचा मूळ रंग मधासारखा असतो. त्यावर कोणताही रंग चढवा, खालचा मध त्यात उतरतोच. पांढऱ्या रेशमावर येतो तसा स्वच्छ पिवळा इथं मिळत नाही आणि मला तो नकोच आहे.

फाल्गुनात रामटेकच्या वाटेवर पळस फुलला होता, तेव्हा झाडाखाली पडलेली फुलं वेचून सावलीत वाळवून ठेवली होती. त्यांचा काढा केला. कापड आधी रिठ्याच्या पाण्यात धुतलं, मग तुरटीत रात्रभर ठेवलं, कापडाच्या वजनाच्या साधारण 10 टक्के तुरटी. रेशीम तुरटी थेट धरतं. सुताचं तसं नाही, त्याला आधी हिरड्याचं पाणी द्यावं लागतं, कारण हिरड्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे तुरटी धाग्यावर टिकते. ही पायरी गाळली की सुतावरचा रंग दोन धुण्यांत जातो. काढ्यात कापड असताना मी उकळी येऊ देत नाही. पाणी चांगलं कढत हवं, पण खळखळलं की कोशाची चमक मरते.

पहिल्या बुडवणीत केशरी झाक असलेला पिवळा आला. मग एक टोक लोखंडाच्या पाण्यात धरलं. गंजके खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात आंबवून ठेवलं की हे पाणी तयार होतं. बघता बघता पिवळ्याचा शेवाळी झाला. लोखंड जास्त झालं तर रेशीम कालांतराने कुजतं, म्हणून हात लगेच आवरला आणि ते टोक भरपूर पाण्यात धुतलं.

अडलंय ते पदराशी. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की बोटं लाल होतात, हे आपल्याकडे प्रत्येक पोराला माहीत असतं. तीच पानं कापडावर मांडून, घट्ट गुंडाळून वाफवली की जांभळट लाल ठसा उमटतो. पावसाळ्यात पानं ताजी आहेत, आत्ताच करायला हवं. पण पळसाच्या पिवळ्यावर सागाचा लाल आला तर दोन्ही एकमेकांना खातील का, की पदर कोराच ठेवून फक्त सागाला द्यावा? माझं मन दुसऱ्या बाजूला झुकतंय.

महाल भागातून, गोधडी

ताई, पदर कोरा ठेवा. सागाला सोबत लागत नाही.

माझं काम साधंच आहे. आईची नऊवारी लुगडी होती, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. त्यांची गोधडी शिवून राहिली आहे. चार थर अंथरले, कडेनं दगड ठेवून ताणून घेतले आणि कडेपासून आत धावदोरा घालत चालले आहे. मध्यभागी पोचता पोचता कापड फुगतं, म्हणून दर दोन फेऱ्यांनी हातानं सुरकुती आत सरकवत न्यायची असते. नवीन मुली मधून सुरुवात करतात, आमच्याकडे तसं करत नाहीत.

सगळ्यात वरच्या थराला आईच्या एका लुगड्याचा काठ आहे, विटका, एका जागी जळलेला. चुलीपुढे बसायची ती. सून म्हणते, त्याच्यावर ठिगळ लावा. मी नाही लावणार. त्या जळक्या जागेभोवती टाके बारीक घेतले, म्हणजे ती जागा आणखी फाटणार नाही, आणि ती दिसत राहील.

गोळीबार चौकाजवळून, हातमाग

आम्ही कोष्टी. आजोबांचा माग घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला होता. पाय खड्ड्यात, धोटा (आडवा दोरा नेणारा) हातात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत फार तुटतं, आणि जमिनीच्या ओलीमुळे खड्ड्यातल्या मागावर ते जरा कमी तुटायचं, हे मला स्वतः विणायला बसल्यावर कळलं. माझा माग वर उभा आहे, फ्रेमचा. मे महिन्यात मागाखाली ओली पोती टाकत होतो. आता श्रावणात सूत शहाण्यासारखं वागून राहिलं आहे.

मी करवतकाठी साडी विणायला शिकतोय. अंग कोशाचं, काठ सुती, आणि दोघांच्या सांध्यावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. तीन धोटे लागतात : एक अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. प्रत्येक ओळीला अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, काठाच्या बाण्यात अडकवून परत फिरवायचा असतो. म्हणूनच काठ अंगाला शिवलेला नसतो, विणतानाच जोडलेला असतो. एका माणसाचं हे काम नाही, दुसऱ्या बाजूला कोणीतरी बसावं लागतं. माझ्या दुसऱ्या बाजूला माझी आत्या बसते. तिला डोळे मिटूनही सांधा सुटल्याचं कळतं, धोट्याच्या आवाजावरून.

सध्या वीतभर कापड झालंय. डावा काठ सरळ आहे, उजवा किंचित आत ओढला जातोय. आत्या म्हणते, उजव्या धोट्याची कांडी, म्हणजे त्यातली दोरा गुंडाळलेली नळी, जास्त घट्ट भरली आहे. उद्या कांड्या सैल भरून बघणार. उलटी बाजू विचारली होती ना? या सांध्याची उलटी बाजूही सुलटीसारखीच सुबक यावी लागते, आणि परीक्षा तिथेच असते.

सदरमधून, क्रोशा

देव्हाऱ्यासाठी पांढऱ्या सुताचं तोरण. निम्मं झालं. काही अडलेलं नाही, हातात आलंय तसं चाललंय.

अंबाझरीहून, भरतकाम

नाग नदीचा नकाशा भरतेय. नदी अंबाझरी तळ्याकडून शहरात येते आणि शहराच्या पोटातून वाहत पूर्वेला कन्हानकडे जाते. आपण रोज तिच्यावरचे पूल ओलांडतो, पण नदी म्हणून तिच्याकडे बघत नाही. मला तिला बघायला लावायचं आहे.

खादीवर काम आहे. तळी साखळी टाक्यानं गोलाकार भरलीत : अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, शुक्रवारी. नदीसाठी जाड दोरा कापडावर आडवा ठेवून वरून बारीक टाक्यांनी बांधत नेते, त्यामुळे वळणं हवी तशी घेता येतात. उलट्या बाजूला फक्त बारीक टाक्यांची रांग दिसते, नदी दिसतच नाही.

प्रश्न रंगाचा आहे. निळी भरली तर खोटं होईल. हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यात दोरा बुडवून काळा करून घेतलाय आणि महालापर्यंत तोच वापरला. पण अंबाझरीजवळच्या पहिल्या बोटभर भागात काय करावं? तिथं ती अजून नदी आहे. तिथं बिनरंगी सूत ठेवावं असं वाटतंय.

*(धागा सुरू करणारी मी, मधेच बोलते : ठेवाच. बघणाऱ्याला रंग कुठं बदलला ते शोधू द्या.)*

वर्धा रोडवरून, तान्ह्या पोळ्याची झूल

तान्हा पोळा म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा. मुलीसाठी लाकडी बैल आहे, त्याची झूल करतोय. मी कापडाच्या कामात नवा आहे, गटात मुलीमुळेच आलो. लाल खणावर आरसे लावतोय. आरशाला भोक नसतं, म्हणून आधी चौकडीत दोरे टाकून तो जखडायचा आणि मग त्या दोऱ्यांना धरून गोल टाके घ्यायचे. हे इथल्या एका मावशींनी शिकवलं. मुलीला झुलीवर मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारा पुतळा, हवी आहे, तीही काळी आणि पिवळी दोन्ही. काळी 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून, हे तिनं मला सांगितलं. झुलीला बाजू दोन आहेत, तेव्हा एकीकडे काळी, एकीकडे पिवळी. बैल पुढून कसा दिसेल याचा विचार अजून केलेला नाही.

गणेशपेठेतून, शिक्क्याचं कापड

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांची ही मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं होतं, म्हणून हे नाव. आमच्या घरी नावाची ही गोष्ट बाबा जेवताना सांगत. मिल गेली, चिमणी गेली. ट्रंकेत मांजरपाटाचा एक तुकडा राहिला, कोपऱ्यात गिरणीचा निळा शिक्का असलेला.

त्याच्यावर मी फक्त पांढऱ्या दोऱ्यानं भरतेय, पांढऱ्यावर पांढरं. गिरणीची पाळी सुटल्यावर सायकलींची जी गर्दी बाहेर पडायची, तेवढीच. दुरून कापड कोरं दिसतं, उजेडात तिरपं धरलं की सायकली दिसतात. शिक्क्याला मी हात लावलेला नाही. पण कापड पिवळं पडलंय आणि भरण्याआधी राहिलेला भाग धुवावा असं वाटतंय. शिक्का जाईल का, कोणी सांगेल?

धरमपेठेतून पुन्हा

ताई, सगळं कापड पाण्यात बुडवू नका. पांढऱ्या कापसाचा बोळा साध्या पाण्यात ओला करून शिक्क्याच्या अगदी कडेच्या बिंदूवर दाबून धरा, घासू नका. बोळ्यावर निळं उतरलं तर तो कोपरा पाण्याबाहेर राहील असं धरून बाकीचं कापड रिठ्यात धुवा. पाणी शिक्क्याकडे चढू नये म्हणून सीमेवर टिपकागद दाबून ठेवा. आणि भरलेल्या सायकलींच्या मागे ज्या गाठी असतील त्या आधी तपासा, ओल्या कापडात सैल गाठ सुटते. रविवारी कापड घेऊन या, रिठा मी भिजवून ठेवते.