मदत हवी आहे : फाइल चढवता यावी, पण पुसता येऊ नये

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाई, केज आणि धारूर तालुक्यांतल्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आम्ही वर्डप्रेसच्या (वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) साइटवर ठेवतो. गावोगावची 12 पोरं-पोरी मोबाइलवर आज्जींचा आवाज टिपून आणतात.

वर्डप्रेसमध्ये प्रत्येक खात्याला एक भूमिका असते, तिच्यावर अधिकार ठरतात. फक्त मसुदा लिहिणाऱ्या ‘काँट्रिब्यूटर’ला फाइल चढवता येत नाही, म्हणून मी सगळ्यांना ‘ऑथर’ (स्वतःचं लेखन प्रकाशित करणारा) करून टाकलं. गेल्या आठवड्यात एका पोरीनं नाव चुकलेली फाइल काढायला घेतली आणि तिनंच चढवलेली दुसरी उडाली. पोस्ट 30 दिवस ट्रॅशमध्ये राहते, मीडिया फाइल मात्र थेट जाते, हे तेव्हा कळलं. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ रेकॉर्डिंगही तिनं आधीच काढलं होतं. त्या आज्जी आता नाहीत. दळता दळता थांबून, पीठ सावरत त्या ‘लिव्हलं का गं माय?’ असं विचारायच्या, तेही त्यातच होतं. पोरीला मी काहीच बोलले नाही. पुसायचा अधिकार मीच दिला होता ना.

आता संकलकानं मसुदा लिहावा, फाइल चढवावी, पण प्रकाशित करू नये आणि काही पुसूही नये. तालुक्याच्या तपासनीस ताईंनी फक्त आपल्या तालुक्याच्या ओव्या दुरुस्त कराव्यात. त्यांना त्यावरची ‘एडिटर’ भूमिका दिली तर सगळ्यांच्याच नोंदी आणि साइटची पानंसुद्धा त्यांना उघडी होतात. भूमिकांचे अधिकार खुणा करून बदलता येतात ते ‘यूजर रोल एडिटर’ प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाकलंय, पण खुणा करायला हात धजत नाही.

प्रतिसाद :

ताई, काँट्रिब्यूटरची नक्कल करून ‘संकलक’ भूमिका बनवा. ‘अपलोड फाइल्स’वर खूण करा, ‘डिलीट पोस्ट्स’वरची काढा. ती काँट्रिब्यूटरला मुळातच असते, आणि आपण चढवलेली फाइल पुसायला तेवढी पुरते.

तालुक्याचं मात्र नुसत्या खुणेनं भागणार नाही. वर्डप्रेस मुळात कॅटेगरीप्रमाणे अधिकार वाटत नाही. तीनच तालुके आहेत, तर तीन कस्टम पोस्ट टाइप (आपण बनवलेले नोंदींचे वेगळे प्रकार) करा, प्रत्येकाला वेगळा ‘कपॅबिलिटी टाइप’ (अधिकारांचा स्वतंत्र संच) द्या, ‘मॅप मेटा कॅप’ (नोंद कुणाची हे बघून अधिकार ठरवणारी सोय) चालू ठेवा. नवे अधिकार ॲडमिनलाही (साइटच्या मुख्य खात्यालाही) द्यावे लागतात, नाहीतर ती यादी तुम्हालाच दिसणार नाही. आधी संकलकाचं एक खोटं खातं उघडून त्यातून फाइल पुसली जाते का बघा.

आणि साइट जिथं ठेवलीय त्या होस्टिंगवाल्यांकडे बॅकअप (राखीव प्रत) किती दिवसांचा असतो, ते आजच विचारा. गेलेली फाइल त्यात सापडू शकेल. जुना बॅकअप रोज पुसला जात असेल तर उशीर नको.

धागाकर्ती :

बॅकअपचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता फोन लावते.