आर्थिक मदतीने दुसऱ्या देशाची भूमिका खरोखर बदलते का?

जिज्ञासू :
वाटाघाटी, लष्करी करार, आर्थिक मदत आणि व्यापार ही परराष्ट्र धोरणाची चार साधने नेहमी एका दमात सांगितली जातात. करारात कोणी काय द्यायचे हे निदान लिहिलेले तरी असते. मदतीचे कोडे मात्र मला उलगडत नाही. देणारा देश नेमके काय मिळवतो, आणि घेणारा मिंधा होतो या समजुतीला इतिहासात कितपत आधार आहे?

कूर्मगती :
मार्शल योजनेपासून सुरुवात करावी लागेल. १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेने पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर दिले. त्यातला मोठा भाग अमेरिकेतूनच धान्य, इंधन आणि यंत्रसामग्री घेण्यात खर्च झाला, म्हणजे मदत आणि व्यापार या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढताच येत नाहीत. शिवाय मदत घेणाऱ्यांनी एकत्र बसून योजना आखावी, असा आग्रह होता. चेकोस्लोव्हाकियाने जुलै १९४७ मध्ये पॅरिसच्या बैठकीचे निमंत्रण आधी स्वीकारले आणि मॉस्कोच्या दबावामुळे काही दिवसांतच नाकारले. कोण कोणाच्या गोटात आहे, हे पैसे वाटले जाण्याआधीच उघड झाले होते.

तळटीप :
मार्शल योजना हे यशस्वी आणि म्हणूनच काहीसे फसवे उदाहरण आहे, कारण घेणाऱ्यांचे आणि देणाऱ्याचे हित तिथे आधीच जुळत होते. हित जुळत नसेल तेव्हा काय घडते, हे अस्वान धरणाच्या प्रकरणात दिसते. इजिप्तने १९५५ मध्ये चेकोस्लोव्हाकियामार्फत सोव्हिएत शस्त्रे घेतली आणि मे १९५६ मध्ये साम्यवादी चीनला मान्यता दिली. त्यानंतर १९ जुलै रोजी अमेरिकेने धरणासाठी देऊ केलेली मदत मागे घेतली. इजिप्तचे अध्यक्ष नासर नमतील, अशी अपेक्षा असलीच तर ती आठवडाभरात फोल ठरली: २६ जुलै रोजी त्यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि पुढे धरणासाठी सोव्हिएत संघाची मदत मिळवली. ज्याला दुसरा दाता उपलब्ध आहे, तो मिंधा होत नाही.

याच प्रकरणाचा उत्तरार्ध मला अधिक बोलका वाटतो. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इस्रायलच्या साथीने इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा पौंड घसरणीला लागला होता आणि सैन्य माघारी घेतल्याशिवाय त्याला आधार देण्यास अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नकार दिला. ब्रिटनकडे दुसरा दाता नव्हता. नासर यांच्यावर जे साधन निष्प्रभ ठरले, ते सर्वांत जवळच्या मित्रावर मात्र लागू पडले.

वाटसरू :
व्यापारालाही हाच नियम लागतो. अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणानंतर जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत संघाला होणाऱ्या धान्यविक्रीवर निर्बंध घातले. अर्जेंटिनाने ते धान्य पुरवले, अमेरिकी शेतकरी नाराज झाले आणि १९८१ मध्ये नवे अध्यक्ष रेगन यांनी निर्बंध उठवले.

जिज्ञासू :
सुएझच्या वेळी ब्रिटन आणि अमेरिका दोघेही नाटो या लष्करी कराराचे सदस्य होते. मग करारात सारे लिहिलेले असते, हे माझे गृहीतकच चुकले म्हणायचे का?

तळटीप :
बऱ्याच अंशी. कोणत्याही सदस्याची प्रत्येक मोहीम इतरांनी उचलून धरावी, असे १९४९ च्या त्या करारात कुठेही नाही. युरोप किंवा उत्तर अमेरिकेतील सदस्यावर सशस्त्र हल्ला झाल्यास तो सर्वांवरील हल्ला मानावा, एवढेच पाचवे कलम सांगते. तिथेही प्रत्येक देशाने स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करावी, अशी शब्दयोजना आहे, म्हणजे सैन्य पाठवणे बंधनकारक नाही. ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली होती. युद्ध पुकारण्याचा आपला अधिकार कराराच्या स्वाधीन करण्यास अमेरिकी सिनेट तयार झाली नसती. आजवर हे कलम एकदाच, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, अमेरिकेच्या बाजूने लागू झाले.