वालाचं बिरडं: अर्ध्याचं पीठ, अर्ध्याचे खडे

पेणची_सून
मुक्काम बंगळूर. सासूबाईंनी पेणहून दोन किलो कडवे वाल बांधून दिलेत. शनिवारी रात्री भिजत घातले, रविवारी पंचात बांधले. सोमवारी मोड? नावाला. मंगळवारी अर्ध्यांना आले, पण पंचाला वास यायला लागला होता. सोलायला दीड तास लागला, अंगठ्याचं नख दुखतंय अजून. मग फोडणी, वाल, मीठ, आमसुलं, गूळ, नारळाचं दूध असं सगळं एकदमच कढईत घातलं आणि अधूनमधून ढवळत बसले. अर्ध्या डाळिंब्यांचं (म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांचं) पीठ, उरलेल्या दाताखाली कचकच. नवरा म्हणाला, "आमटी मस्त झालीय." सासूबाईंना विचारायची सोय नाही, आधी मोड किती लांब आले ते विचारतील. चुकलं कुठे?

रोहेकर_काकू
अगं, आमसूल आधी घातलंस तिथेच संपलं! आंबट लागलं की डाळिंबी आखडते, मग कितीही उकळ. आधी नुसत्या फोडणीवर हिंग, हळद घालून परतायचं, गरम पाणी घालायचं. वर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ठेवायचं. आत पाणी कमी पडलं तर ते ताटातलं गरम पाणी ओतायचं, गार नाही. डाळिंबी बोटाने दाबली जायला लागली की मीठ, गूळ, आमसूल. नारळाचं दूध अगदी शेवटी, मग खळखळून उकळी आणायची नाही. आणि डाव घालून ढवळत कसली बसतेस? कढई दोन्ही कानांना धरून हलवायची.
मोडांचं म्हणशील तर तुमच्याकडे जानेवारीत गारठा. पंचा दिवसातून दोनदा धुऊन पिळायचा आणि गाठोडं बंद ओव्हनमध्ये ठेवायचं. सोलायच्या आधी वाल कोमट पाण्यात पंधरा मिनिटं टाक. चिमटीत दाबलं की डाळिंबी सुळकन निसटते. वाल गेल्या वर्षीचे नाहीत ना? भात कापून झालं की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल होतो, नवा माल होळीच्या आसपास येतो. जुन्याला मोड रडतखडतच.

सदाशिवपेठी
एवढा खटाटोप कशाला? कुकरला एक शिट्टी, वरून गोडा मसाला. झालं.

रोहेकर_काकू
ती तुमची डाळिंब्यांची उसळ. चांगली लागते. बिरडं नव्हे.

जयनगरकर
ताई, तुम्ही राहता तिथेच हे दाणे ताजे मिळतात की! कन्नडमध्ये अवरेकाई म्हणतात, वालाच्याच कुळातलं. थंडीत इथे बाजारात ढीग लागतात. ताजे दाणे भिजवून साल दाबून काढतात, त्याला 'हितकिद बेळे' म्हणतात, त्याचं सांबार करतात. काही भाजीवाल्या सोललेलेच विकतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चाटच पडलो, माझी आजी श्रावणी सोमवारी पहाटे उठून हेच करत बसायची. फक्त कडवटपणा नाही, गोडसर लागतात.

पेणची_सून
काकू, वाल मागच्या वर्षीचेच निघाले. पिशवीवर सासूबाईंच्या अक्षरात तारीख होती, मीच वाचली नव्हती. तरी काल वाटीभर परत केलं. ओव्हनमध्ये दीड दिवसात बोटाच्या पेराएवढे मोड! आमसूल शेवटी घातलं. दोन-चार डाळिंब्या फुटल्या, बाकी अख्ख्या. नवऱ्याने भात दोनदा घेतला, बोलला काही नाही. सासूबाईंना फोटो पाठवलाय. उत्तर आलं: "मोडांचा पण पाठव."